ब्राझीलचं वजन

“आंधी ब्राझीलची राजधानी सांग, मंगच पोट्टीले हात लाव,” गोजराबाई म्हणाली आणि दारात पाय आडवा टाकून बसली.

सपना पडघान खांद्यावरची पिशवी सावरत उंबऱ्याबाहेर उभी राहिली. पिशवीत बाळ तोलायचा काटा, थर्मामीटर, घड्याळ आणि नोंदवही. गळ्यात आशा कार्यकर्तीचं कार्ड.

“ब्रासिलिया.”

“आन् आपल्या देशाची?”

“दिल्ली, आजी. हे तं तुमालेबी ठाऊक हाये.”

“मले हाये. तुले हाये का नाही थे पाह्यतो मी.” गोजराबाईनं मागं मान वळवली. “खरं सांगून राह्यली का व संस्कृती?”

आतल्या खाटेवर धाकटी सून संस्कृती एकवीस दिवसांची पोरगी मांडीवर घेऊन बसली होती. तिनं मोबाइलमधून डोकं न काढता हो म्हटलं. गोजराबाईनं पाय काढला. सपना आत गेली.

हा उंबरा नीट पाहून ठेवा. सोळा वर्षांपूर्वी सपना आशा म्हणून पहिल्यांदा या घरी आली, तेव्हा याच गोजराबाईनं तिला अंगणात उभं केलं होतं. पाणी मागितलं तर ओंजळीत वरून ओतलं होतं. बौद्धवाड्यातली बाई आमच्या बाळंतिणीला हात लावणार, असं आठ दिवस गावभर सांगत फिरली होती. पुढे मोठ्या सुनेला पहाटे कळा आल्या, जीप मिळेना. सपनानं मेडशीहून गाडी आणली, सुनेला काखेत धरून गाडीत चढवलं, तेव्हा गोजराबाईला जात आठवली नाही. गरज पडली की उंबरे आपोआप खाली होतात. याला मी मनपरिवर्तन म्हणत नाही. पण सपना म्हणते. ती माझ्यापेक्षा मोठ्या मनाची आहे.

सपनानं झोळी काट्याला अडकवली, पोरीला अलगद ठेवलं. पोरगी रडली. “रड बाई, रडनं चांगलं असते,” ती म्हणाली आणि आकडा पाहिला. तीन किलो शंभर. नोंदवहीत लिहिला. मग मिनिटभर घड्याळ लावून श्वास मोजले.

चुलीपाशी मोठी सून रुपाबाई भाकरी थापत होती. गावात सगळे सपनाला प्रश्न विचारायचे. पिठाच्या गिरणीवर, हापशावर, एसटीच्या थांब्यावर. रुपाबाईनं मात्र आजवर एकही विचारला नव्हता. ती नुसती ऐकायची.

“परीक्षा कधी हाये?” संस्कृतीनं विचारलं.

“फेब्रुवारीत सुरू. भूगोल शेवटी, मार्चात.”

“नापास झाली तं?”

“तं पुढच्या साली तुह्या पोट्टीच्या वाढदिवसाले येऊन पुन्हा ब्राझील सांगन.”

गोजराबाई हसली. तिला पुढचे दोनच दात उरले होते आणि दोन्ही दिसले.

*

हे सगळं मागच्या जूनमध्ये सुरू झालं.

प्राथमिक आरोग्य केंद्रात दर महिन्याला आशांची बैठक असते. चाळीस बायका, पंधरा खुर्च्या. नवा साहेब आला होता. त्यानं ओळख करून घ्यायची म्हणून एकेकीला उभं केलं. नाव, गाव, शिक्षण. कोणी बारावी, कोणी बीए. एक तर एमए होती. सपनाची पाळी आली.

“सपना संघपाल पडघान. आठवी पास.”

साहेब हसला. वाईट हसला असंही नाही, सवयीनं हसला. म्हणाला, “मग तुम्हाला जरा हळूहळू सांगावं लागेल.”

चार जणी खिदळल्या. या बाईनं तोवर तीनशे बारा बाळंतपणं दवाखान्यात पोचवली होती. पावसात, थंडीत, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत. ताप हाताला कळत होता तिला, मशीन नंतर. साहेबाला पदवी होती, आणि उन्हाळी जुलाबात पोराला मीठ-साखरेचं पाणी किती द्यायचं हे त्याच बैठकीत त्यानं तिलाच विचारलं होतं. पण शिक्षण म्हणजे कागद. कागद नसेल तर तुम्ही मंद. असल्या हिशेबावर हा देश चालतो आणि वर आपण विद्वानांची भूमी म्हणून छाती काढतो.

सपना खाली बसली नाही. म्हणाली, “साहेब, पुढच्या जूनच्या बैठकीत इथीच उभी राहीन. दहावी पास म्हनून.”

बोलून झालं तेव्हाच बसली. चाळीस बायकांसमोर बोललेला शब्द चाळीस गावांत जातो. संध्याकाळी घरी पोचायच्या आत तो नवऱ्यापर्यंत गेला होता. संघपाल मालेगावच्या मार्केटात मापारी. दिवसभर सोयाबीन तोलतो.

“दहावी?” तो म्हणाला. “तुह्या पोरीनं दहावी करून दोन साल झाले. ती तुले शिकवन का तू तिले?”

“ती मले.”

“मंग मी दोघीले चहा करून देईन,” संघपाल म्हणाला. आणि हे त्यानं वर्षभर पाळलं. त्याच्याबद्दल एवढंच चांगलं लिहायला पुरेसं आहे, बाकी तो घोरतो.

शाळेत न जाता बाहेरून बसायचा सतरा नंबरचा फॉर्म भरला. पुस्तकं पोरीची जुनीच होती. पोरगी धम्मदीपा, मालेगावला बीएच्या पहिल्या वर्षाला. तिनं आईसाठी रिसोडहून एक तक्ता आणला. तिथं एका मंगल कार्यालयात स्मरणशक्ती वाढवायचं शिबिर झालं होतं. टाय घातलेल्या माणसानं दोन तास सांगितलं आणि शेवटी प्लास्टिक चढवलेला तक्ता वाटला. पहाटे चारला उठा. उत्तरेकडे तोंड करा. मनात कमळ पाहा. महत्त्वाच्या ओळी पिवळ्या करा. धडा अकरा वेळा वाचा.

सपनानं सगळं केलं. पहाटे चारला उठायचा सल्ला देणाऱ्या माणसाला कधी कोणी पहाटे चारला दार वाजवून उठवलेलं नसतं. सपनाला आठवड्यातून दोनदा उठवत. ती उत्तरेकडे तोंड करून बसली की भिंतीला टेकून झोपायची. कमळ दिसण्याआधी घोरणं ऐकू यायचं. ओळी पिवळ्या करायला घेतल्या तर कुठली महत्त्वाची आणि कुठली नाही हे कसं कळावं? भूगोलाचं पुस्तक हळद लागल्यासारखं अथपासून इतिपर्यंत पिवळं झालं. अकरा वेळा वाचलेलं बाराव्या वेळी नवीन वाटायचं.

“आई, कालच तं पाठ केलं होतं,” धम्मदीपा म्हणायची.

“काल होतं. आज नाही राह्यलं. माह्या डोक्याले भोक हाये.”

ऑगस्टपर्यंत असं चाललं. एका दुपारी तिनं पुस्तकं पेटीत टाकली आणि कडी घातली. बैठकीतल्या शब्दाचं काय करायचं ते ठरवलं नव्हतं. आजारी पडावं, असा एक विचार होता.

*

त्याच आठवड्यात तिला शेतातल्या एका वस्तीवर जायचं होतं. बाळाचा सातवा दिवस. आशाला ठरलेल्या दिवशी जावं लागतं. तिसरा दिवस, सातवा, चौदावा, एकविसावा, अठ्ठाविसावा आणि बेचाळिसावा. सहा भेटी. प्रत्येक भेटीचा चौकोन असतो, त्यात वजन लिहायचं आणि टिक करायची. बेचाळीस दिवस काढले की बाळ बहुतेक तगतं.

चिखल तुडवत पोचली. बाळाची आई रामीबाई दारातच म्हणाली, “बरं हाये बाळ, सपनाबाई. झोपलं हाये. तथूनच पाहून घ्या, आत चिखल होईन.”

“दारातून वजन दिसत नाही, बाई,” सपना म्हणाली आणि चपला काढून आत गेली. बाळ गाढ झोपलेलं. तिनं त्याच्या तळव्याला टिचकी मारली. बाळानं पाय ओढला, तोंड वाकडं केलं, रडलं. झोपलेलं आणि सुस्तावलेलं यांतला फरक नुसतं पाहून कळत नाही. टिचकी मारावी लागते.

परत येताना ती फाट्यावर थांबली. एसटी यायची होती. बाकड्यावर बसल्या बसल्या आपलंच वाक्य तिच्या डोक्यात फिरत राहिलं. आपण पुस्तकाकडे रोज दारातून पाहतो. अकरा वेळा पाहतो. काट्यावर कधी घालत नाही.

घरी आली. पेटी उघडली. जुन्या नोंदवहीतली कोरी पानं काढून शिवली. डाव्या बाजूला बाळाच्या नावाच्या जागी धड्याचं नाव लिहिलं. पुढं सहा चौकोन आखले. तिसरा, सातवा, चौदावा.

“हे काय करून राह्यली?” धम्मदीपानं विचारलं.

“आजपासून धडा म्हंजे बाळ. शिकला तो जन्मला. मंग ठरल्या दिवशी भेट. रोज रोज त्याच्या उशाशी बसायचं नाही, बाकीचे बाळ उपाशी मरतात. भेटीच्या दिवशी पुस्तक बंद. जेवढं आठवन तेवढं कागदावर लिवायचं. तू पुस्तक घेऊन तपासजो. तू माही सुपरवायझर.”

“आन् वजन?”

याचं उत्तर संघपालनं चहा गाळता गाळता दिलं. माणूस मापारी होता. “धड्याचे दहा मुद्दे काढा. एका मुद्द्याचं माप चारशे ग्राम. दहा आठवले तं चार किलो. सहा आठवले तं दोन किलो चारशे.”

“अडीच किलोच्या खाली कमी वजनाचं बाळ,” सपना म्हणाली. “त्याले दुसऱ्या दिवशी जास्तीची भेट.”

पहिला धडा घेतला भूगोलाचा. त्याचं नावच क्षेत्रभेट. सपना पोट धरून हसली. सोळा वर्षं दुसरं केलंच काय होतं. तिसऱ्या दिवशी त्या धड्याचं वजन भरलं तीन किलो दोनशे.

मग ब्राझील आला. दहावीच्या भूगोलात भारताशेजारी ब्राझील असतो, धडा कुठलाही घ्या, तो सोबत येतोच. तिथलं सगळ्यात उंच शिखर पिको दी नेब्लीना. हे नाव सपनाच्या डोक्यात तीन भेटी राहीना. चौथ्या वेळी तिनं साडीला पिको-फॉल करून देणारी एक उंचच उंच बाई उभी केली आणि तिचं नाव नेब्लीना ठेवलं. ती बाई ढगात डोकं घालून साडीला पिको करते आहे. त्यानंतर ते शिखर कधी हललं नाही. ईशान्येला कोरडा भाग आहे, पाऊस पोचत नाही, त्याला अवर्षण चतुष्कोन म्हणतात. हे तिला एकदाच वाचून पाठ झालं. त्यासाठी कुठल्याही बाईची गरज पडली नाही.

गावाला हे कसं कळलं सांगता येत नाही, पण कळलं. भेटीला गेली की लोक बाळाआधी ब्राझीलची चौकशी करायचे. “काय म्हनते तुह्यं ब्राझील? दूध पेते का?” गुलाबसिंगच्या किराणा दुकानात साखर घेताना त्यानं विज्ञानाचा प्रश्न विचारला, स्वतःला उत्तर येत नव्हतं, तरी तिचं उत्तर चूक म्हणाला. सपना दुसऱ्या दिवशी पुस्तक घेऊन दुकानात गेली. गुलाबसिंगनं वाचलं आणि गोळ्यांच्या बरणीतून एक गोळी काढून दिली. ती तिनं त्याच्यासमोर खाल्ली.

बीजगणितानं मात्र छळलं. वर्गसमीकरण तिसऱ्या दिवशी आठशे ग्राम भरलं.

“आई, हे वाचन का?” धम्मदीपा.

“आठशे ग्रामचंबी वाचलेलं पाह्यलं मी. पोटाशी धरून ठेवा लागते.” आणि तिनं ते खरंच पोटाशी धरलं. पदराला कागद बांधून फिरली. बेचाळिसाव्या दिवशी ते दोन किलो भरलं. कमीच, पण जिवंत.

*

भूगोलातला ‘मानवी वस्ती’ हा धडा सगळ्यात शेवटी घेतला. हिशेबानं त्याचा बेचाळिसावा दिवस भूगोलाच्या पेपरच्या आदल्या दिवशी येत होता. तोवर बाकीचे पेपर झाले होते. गणित सोडलं तर बरे गेले होते. संध्याकाळी पाचला सपना ओट्यावर बसली, पुस्तक पोरीकडे दिलं आणि कागदावर आठवेल ते लिहू लागली.

चार मुद्दे. पुढं काही नाही. पेन्सिल दातात धरून बसली. नाहीच.

“सोळाशे ग्राम,” धम्मदीपा हळूच म्हणाली.

सपनानं वही ओढून मागचे चौकोन पाहिले. तिसरा दिवस दोन किलो. सातवा दोन चारशे. चौदावा दोन आठशे. एकविसावा दोन आठशे. अठ्ठाविसावा तीन किलो दोनशे, टिक. बेचाळिसावा एक सहाशे.

मग पोरीकडे पाहिलं.

“तीन दोनशेचं बाळ चौदा दिवसात अर्ध्यावर येत नाही दीपा. एक तं बाळ बदललं, नाहीतर वजन खोटं हाये.”

धम्मदीपानं पुस्तक मिटलं.

“अठ्ठाविसाव्या दिवशी मी कुठी होतो?”

“तू त्या बाळंतिणीसंगं वाशिमले गेली होती. दोन दिवसानं दुपारी आली. बसल्या बसल्या झोपली.” पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुले उठवावं नाही वाटलं मले. मनलं एक चौकोन तं हाये. मी भरून टाकला. पुढच्या भेटीत होऊन जाईन.”

संघपाल चहाचं भांडं घेऊन दारात येऊन थांबला.

सपना उठली. ओरडली नाही. घरात गेली, पेटी उघडली, तळातून एक जुनी नोंदवही काढली. कडा कुरतडलेल्या, पुट्ठ्याला तेलाचा डाग. ती पोरीसमोर उघडून ठेवली.

“वाच.”

बारा वर्षांपूर्वीचं पान होतं. नाव, रुपाबाईचं बाळ. मुलगा. तिसरा दिवस, दोन किलो शंभर, टिक. सातवा दिवस, कोरा. आणि त्यापुढं सगळी रांग लाल रेघेनं काटलेली.

“गोजरा आजीची मोठी सून,” सपना म्हणाली. “तवा एकोणीस वर्षाची होती. सातव्या दिवशी मले तालुक्याले बोलावलं. कोनी पाहुना येनार होता, खुर्च्या भरायले बायका पायजेत होत्या. मी मनलं, माही भेट हाये. थे मने, उद्या कर. मी गेलो. टाळ्या वाजवल्या. इकडं बाळानं सकाळपासून दूध सोडलं होतं. रुपाले वाटलं, शांत झोपलं हाये. आठव्या दिवशी सकाळी मी पोचलो तवा...”

तिनं लाल रेघेवर बोट ठेवलं.

“मंग वरून बाई आली चौकशीले. तिनं पेन माह्या हातात देल्ला. मने, टिक कर, तू गेली होती असं लिव, नाहीतर तुह्यावर येईन आन् आमच्यावरबी येईन. मी नाही केली. नोटीस आली. तीन महिने मानधन बंद. तू तवा पहिलीत होती, तुले दप्तर नाही घेता आलं. पन चौकोन कोराच हाये. नाही गेलो तं नाही गेलो.”

धम्मदीपानं नाक पुसलं. “मी तुह्याच भल्यासाठी केलं आई.”

“थेच मने थे बाईबी.”

संघपालनं चहा ओट्यावर ठेवला. “आता पोरीले मारतं का?”

“मारू कायले? खोडरबर आन म्हना.”

पोरीनं खोडरबर आणलं. सपनानं अठ्ठाविसाव्या दिवसाचं वजन आणि टिक दोन्ही खोडलं. पान थोडं फाटलं. मग तिनं धडा उघडला, दिवा लागल्यावरही वाचला, आठ वाजता पुस्तक मिटलं आणि झोपली. एका संध्याकाळी बाळाला चौदा दिवसांचं दूध पाजता येत नाही, हे तिला माहीत होतं.

*

परीक्षा केंद्रावर तिच्या मागच्या बाकावरच्या पोरीनं पहिल्याच दिवशी विचारलं होतं, “मावशी, तुमी सुपरव्हिजनले हाये का?” आता शेवटच्या दिवसापर्यंत त्या दोघींची मैत्री झाली होती. पोरगी कंपास आणायला विसरायची, सपना दोन आणायची.

पेपर हातात आला. सपनानं आधी सगळा वाचला. मग लिहायला घेतलं. पोलिओच्या फेरीत एखादं घर बंद असलं की दारावर फुली मारून पुढं जायचं असतं आणि दुसऱ्या दिवशी तेवढ्याच फुल्यांकडे परत यायचं असतं. बंद दारासमोर उभं राहून फेरी बुडवायची नसते. तिनं तसंच केलं. जे येईना त्याला मनात फुली मारली, पुढं गेली. पिको करणारी उंच बाई भेटली. कोरडा चतुष्कोन भेटला. ब्रासिलियाशी गोजराबाई दारात पाय टाकून बसली होती. अर्ध्या तासानं ती फुल्यांकडे परतली. पाचांपैकी चार दारं उघडली.

पाचवं उघडेना. ब्राझीलमधील नागरीकरणाची वैशिष्ट्ये. मानवी वस्ती. पान कुठलं ते आठवत होतं, चित्र कुठं होतं ते आठवत होतं, खालचा मजकूर पिवळा होता तेही आठवत होतं. मजकूर नव्हता.

तेवढ्यात खिडकीतून घडी केलेला कागद येऊन तिच्या बाकावर पडला. बाहेर कोणाचे तरी काका, मामा, दादा भिंतीला चिकटून उभे होते. दरवर्षी उभे असतात. वर्गावरचे सर त्या वेळी समोरचं कडुनिंबाचं झाड पाहतात. दरवर्षी पाहतात. मग मे महिन्यात सगळे मिळून पेढे वाटतात आणि जूनमध्ये पोरांना साधा अर्ज लिहिता येत नाही म्हणून रडतात.

कागद अर्धा उघडलेला होता. वर मोठ्या अक्षरात लिहिलेलं होतं, नागरीकरण. खाली चार मुद्दे. एक, दोन, तीन, चार. नुसती नजर खाली न्यायची होती.

सपनानं पेनच्या टोकानं तो कागद बाकावरून ढकलला. खाली पडला. मागच्या पोरीनं पायानं ओढून घेतला. तिला सपनानं दोष दिला नाही, मी देतो.

प्रश्नाचा क्रमांक लिहून तिनं खाली जागा सोडली. चार ओळींची. ती तशीच राहू दिली आणि घंटा व्हायच्या दहा मिनिटं आधी पेपर देऊन बाहेर आली. फाटकापाशी धम्मदीपा उभी होती.

“कसा गेला?”

“बाकी सारे जिवंत हायेत,” सपना म्हणाली. “चाल, उसाचा रस पाज.”

*

जूनच्या बैठकीला तो साहेब नव्हता. त्याची बदली झाली होती. नवी डॉक्टरीण आली होती, चष्म्याची, घाईत असलेली. तिनं शिक्षण विचारलंच नाही. गोळ्यांचा साठा, लसीकरण, मोबाइलमधली माहिती, एवढं बोलून फाइल मिटली. बायका उठायला लागल्या.

सपना उभी राहिली.

“मॅडम, मांगच्या साली इथी मले एक प्रश्न इचारला होता. त्याचं उत्तर राह्यलं होतं. सपना संघपाल पडघान. दहावी पास. चोपन्न टक्के.”

डॉक्टरिणीला काही कळलं नाही. चाळीस बायकांना कळलं. पहिली टाळी त्या एमएवालीनं वाजवली, आणि मग पंधरा खुर्च्यांच्या त्या खोलीत असा गोंधळ झाला की बाहेर केसपेपरच्या रांगेतले लोक दाराशी आले. डॉक्टरिणीनं मागून कोणाला तरी विचारून घेतलं आणि तीही उभी राहिली. साहेब असता तर बरं झालं असतं. पण अशी माणसं उत्तर द्यायच्या दिवशी जागेवर नसतात.

परत येताना सपना गोजराबाईच्या घरी थांबली. तिला गुणपत्रिका दाखवायची होती. गोजराबाईला वाचता येत नव्हतं, तरी तिनं कागद हातात घेऊन लांब धरला, जवळ धरला.

“पास हाये न?”

“पास हाये आजी. विज्ञानात एकाहत्तर. गणितात काठावर वाचलो.”

“आन् माह्यं ब्राझील?”

“इतिहास-भूगोल मिळून अठ्ठावन्न.”

“अठ्ठावन्न?” गोजराबाई खरोखर रागावली. “आमी एवढे दिवस दारात बसून इचारलं, आन् अठ्ठावन्नच? संस्कृती, पाह्य व, कोनी कापले हे मार्क.”

संस्कृती हसली. तिची पोरगी आता उंबरा धरून उभी राहायचा प्रयत्न करत होती. पडत होती, परत धरत होती.

चुलीपासून रुपाबाई उठली. पिठाचे हात लुगड्याला पुसत आली आणि सासूच्या हातातून कागद घेतला. तिला वाचता येत होतं. तिनं सगळे आकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. मग तिनं सपनाला पहिल्यांदाच प्रश्न विचारला.

“तुमचं तं सारं पाठ होतं, सपनाबाई. मंग हे कमी काहून पडले?”

सपनानं तिच्याकडे पाहिलं.

“एका घरी जायचं राह्यलं होतं.”

गोजराबाई काहीतरी बोलत होती, ती थांबली. रुपाबाईनं कागदाची घडी केली. पुन्हा उलगडली, कडा जुळवल्या आणि नीट घडी केली. मग आत गेली. डब्याचं झाकण वाजलं. बाहेर आली तेव्हा मुठीत साखर होती. ती तिनं सपनाच्या तोंडात घातली, आणि हात लगेच काढला नाही. बोटांना पीठ होतं. सपनाच्या हनुवटीला लागलं.

“आज कोनाचा दिवस हाये?” रुपाबाईनं विचारलं.

“खालच्या आळीत. सातवा.”

“मंग थांबू नका,” रुपाबाई म्हणाली, आणि ओट्यावर ठेवलेली काट्याची पिशवी उचलून तिनं स्वतः सपनाच्या खांद्याला लावली.